दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये मावशी

माझ्या मावशीला दोन आवाज आहेत, एक घरचा आणि एक लिफ्टचा. घरचा आवाज म्हणजे जिन्यावरून सुटलेलं पातेलं. "अहो, ओला टॉवेल पुन्हा पलंगावर? पलंगाला काय घाम आलाय?" हे काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना. मग काका टॉवेल उचलतात आणि त्याच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ठेवतात. लिफ्टचा आवाज मात्र मऊ, सावकाश, प्रत्येक वाक्याच्या शेवटी उशी ठेवल्यासारखा. "घाबरू नका हं. भिंतीला टेकून बसा. दाराला हात लावू नका. मी आहे ना."

हा दुसरा आवाज ऐकून चोवीस वर्षं माणसं अडकलेल्या लिफ्टमध्ये गप्प बसत आली. गावभरच्या तीनशे चाळीस लिफ्टची देखभाल करणारी एक कंपनी आहे. तिच्या तळमजल्यावरच्या खोलीत एक टेबल, दोन फोन, एक पत्र्याची पेटी आणि मावशी. लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की भिंतीतल्या जाळीतून मावशी बोलायची आणि बोलता बोलता दुसऱ्या हाताने मिस्त्रीला फोन लावायची. पेटीत प्रत्येक लिफ्टचं एक कार्ड, आणि कार्डावर तिच्या मुंगीएवढ्या अक्षरात त्या लिफ्टच्या खोडी. "चौथ्यावर उसळी मारते." "दार उजवीकडून ओढावं, डावीकडून रुसतं." "इथला पहारेकरी रोज उगाच तक्रार करतो. घाई नको."

ह्या शेवटच्या कार्डाने सगळा घोळ केला.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी एक इंजिनीअर आणला. अंगाने काडी, केसांत पेन, आणि काहीही विचारा, उत्तर एकच: "जोडूया की!" त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव जोडूया पडलं. त्याने मावशीची पेटी उघडली, कार्डांचे फोटो काढले आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळं क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये टाकू."

"म्हणजे माझी पेटी लोकांच्या कपाटात."

"कपाट त्यांचं, किल्ली आपली. मग डेटाबेसला एजंट जोडूया. एजंटला लाल बटण जोडूया. मिस्त्र्यांचे फोन जोडूया. बटण दाबलं की एजंट कार्ड वाचणार, आतल्या माणसाशी बोलणार, जवळचा मिस्त्री शोधणार आणि त्याला पाठवणार. तुम्ही निवांत."

एजंट ठेवलाय असं मावशीने घरी सांगितलं, तेव्हा काकांना वाटलं विमा विकणारा कुणी असेल. "त्याला सांग, आमचा आहे विमा," म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

आता एजंटला आवाज कुणाचा द्यायचा? मालक म्हणाले, हिचाच. चोवीस वर्षांची रेकॉर्डिंग पडून होती. मावशीने कागदावर सही केली. "तेवढाच माझा घसा वाचेल," म्हणाली. जोडूयाने ती सगळी रेकॉर्डिंग एजंटला ऐकवली, आणि आठ दिवसांत भिंतीतून "मी आहे ना" येऊ लागलं. तसंच. तोच 'हं', तीच उशी. मीही मावशीची नक्कल बरी करते, पण खरं सांगते, त्या यंत्राने मला घाम फोडला.

आणि पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. एका जुन्या इमारतीत एक शिक्षिका अडकल्या. एजंटने इमानेइतबारे कार्ड वाचलं: "इथला पहारेकरी रोज उगाच तक्रार करतो. घाई नको." तो पहारेकरी नोकरी सोडून गेल्याला पाच वर्षं झाली होती. मावशीच्या डोक्यात ते होतं, कार्डावर नव्हतं. एजंटने घाई केली नाही. चाळीस मिनिटं त्या बाई अंधारात, आणि दर तीन मिनिटांनी मावशीच्या आवाजात, "घाबरू नका हं. मी आहे ना." बाहेर आल्या त्या थेट कंपनीत. दारातच ओरडल्या, "कुठाय ती, जी आहे ना?"

मावशी उभी राहिली. त्या दिवशी घरी येऊन तिने काकांना टॉवेलावरूनसुद्धा काही म्हटलं नाही, तेव्हा काका घाबरले.

दुसऱ्या दिवशी तिने जोडूयाला समोर बसवलं. "यापुढे माझ्या 'हो'शिवाय एकही मिस्त्री हलणार नाही."

"मंजुरीची पायरी? जोडूया की! तुमच्या फोनवर टिंग वाजेल. दोन बटणं. हो आणि नाही. हो म्हटलं तर मिस्त्री निघाला. नाही म्हटलं तर खोटी तक्रार म्हणून नोंद." त्याने केसांतला पेन काढला. "पण तुम्ही उत्तर नाही दिलं तर? दहा मिनिटांनी पुढच्याला विचारू?"

"पुढचा कोण?"

"तुम्ही सांगाल तो."

"पुढचा कुणी नाही. मीच."

"मग थांबायचं किती?"

"मी हो म्हणेपर्यंत. आणि कुणी मालकाचं नाव घेऊ दे, माझं नाव घेऊ दे, ऐकायचं नाही. हो फक्त माझ्या फोनवरून."

एकच सूट तिने दिली. अडकलेल्या माणसाच्या घरच्यांना कळवायचं असेल, तर कुणाला विचारत बसायचं नाही, लगेच कळवायचं.

झालं. त्या दिवसापासून मावशी त्या टिंगला बांधली गेली. जेवताना टिंग. आंघोळीला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी खुंटीला, आणि आतून साबणाच्या हाताने हो. दोन वर्षांत घरातल्या एकाही फोटोत तिचा चेहरा सापडत नाही, फक्त भांग दिसतो. डोंगरावर जायचं नाही, रेंज नसते. तळघरातल्या दुकानात जायचं नाही. बोगद्यातून जाणारी बस नको. काकांनी एकदा हिशेब मांडला: दोन वर्षांत तिने 'नाही' फक्त अकरा वेळा दाबलं. "म्हणजे हजारदा तू नुसतीच मान हलवतेस. ती पायरी काढून टाक की!"

"त्या अकरांना विचारा," मावशी म्हणाली आणि हो दाबलं.

कंपनीतला सगळ्यात जुना मिस्त्री तर तोंडावर सांगायचा, "बाई, लिफ्टमध्ये लोक अडकतात ते सुटतात तरी." तो स्वतः कधीच वेळेवर निघत नाही. आधी चहा, मग पाना शोधणं, मग पुन्हा चहा. म्हणून मावशी त्याला मुहूर्तराव म्हणते. ते नावही फक्त घरच्या आवाजात.

आता काकांचा डोळा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशन पंधरा मिनिटांचं, पण काकांचं धाडस त्याहूनही लहान. दोनदा तारीख घेतली, दोनदा दवाखान्याच्या जिन्यावरून पळाले. दुसऱ्या वेळी तर दवाखान्याची टोपी डोक्यावर तशीच. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, आता तिसरी तारीख शेवटची, पळालात तर दुसरा डॉक्टर शोधा. आणि डोळा तर असा झालेला की काका समोरच्या खांबाला नमस्कार करायचे.

"तू दाराशी हवीस," काका म्हणाले. "मला आत नेताना तू दिसली नाहीस, तर मी गेलोच समज."

"मी आहे ना," मावशी म्हणाली. लिफ्टच्या आवाजात. काकांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं.

चारचं ऑपरेशन. तीन वाजता चौथ्या मजल्यावर काकांना हिरवा झगा घातला, उजव्या भुवईवर शाईने बाण काढला. नर्स म्हणाल्या, खाली औषधांच्या दुकानातून थेंबांची बाटली आणा. मावशी खाली गेली, बाटली घेतली, वाटेत दोनदा हो दाबलं आणि वर यायला लिफ्टमध्ये शिरली. ही लिफ्ट तिच्याच कंपनीची. हिचं कार्ड तिला पाठ: "दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये दम खाते." पण गुडघ्यांनी जिन्याला केव्हाच नकार दिलेला.

लिफ्टने दम खाल्ला. आणि मग तो सोडलाच नाही.

पुढचं बोलणं शब्दन्‌शब्द खरं आहे, कारण लाल बटण दाबल्यापासून आतलं सगळं त्या डेटाबेसमध्ये लिहिलं जातं. मावशीने मला ते छापून दिलंय. वेळ: तीन वाजून सव्वीस मिनिटं.

"घाबरू नका हं," भिंत म्हणाली. "भिंतीला टेकून बसा. दाराला हात लावू नका. मी आहे ना."

"तू कसली आहेस? मी आहे," मावशी म्हणाली.

लिफ्टमध्ये आणखी एक गृहस्थ होते. डोळे तपासायला थेंब घातलेले, वर काळा गॉगल, त्यामुळे त्यांना धड काही दिसत नव्हतं. ते म्हणाले, "तुम्ही दोघी बहिणी का?"

"ते मशीन आहे हो."

"कुठलं? हे का ते?"

मावशीने फोन काढला. रेंज शून्य. कोपऱ्यात धरला, छताला लावला, चवड्यांवर उभी राहिली. शून्य. आणि तेव्हा तिला सगळं लख्ख दिसलं. लाल बटण दाबलं, डेटाबेसमध्ये एक ओळ पडली, एजंटने कार्ड वाचलं, मुहूर्तरावांना निवडलं, आणि मग "पाठवू का?" हा प्रश्न तिच्या फोनकडे निघाला, तो या पत्र्याच्या पेटीबाहेर येऊन उभा राहिला. तो आत येऊ शकत नव्हता. ती बाहेर जाऊ शकत नव्हती. आणि थांबायचं किती, तर ती हो म्हणेपर्यंत.

"ऐक," ती भिंतीला म्हणाली. "मिस्त्री पाठव. माझी मंजुरी आहे."

"तुमची काळजी समजते मला. मॅडमच्या फोनवर विनंती गेली आहे. त्यांचं हो आलं की मिस्त्री लगेच निघेल, हं."

"अगं, मीच मॅडम!"

"असं कुणीही सांगितलं तरी मला ऐकता येत नाही. मॅडमची तशी सूचना आहे."

"कडक दिसतात मॅडम," गॉगलवाले म्हणाले.

"फार," मावशी म्हणाली.

"किती वेळ लागेल?" गॉगलवाल्यांनी भिंतीला विचारलं.

"दहा मिनिटांत माणूस येईल."

"खोटं आहे ते," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी सगळ्यांना दहाच सांगते. चोवीस वर्षं. दहा मिनिटांत कुणी म्हणजे कुणी आलेलं नाही."

गॉगलवाल्यांनी गॉगल नाकावर नीट बसवला. मग म्हणाले, "तरी मला दहाच सांगा."

तीन चौतीस. "मॅडमना दुसऱ्यांदा आठवण केली आहे. त्या कामात असतील."

तीन बेचाळीस. "मॅडमना तिसऱ्यांदा आठवण केली आहे. तुम्ही पाणी प्यायलात का?"

मावशी खाली बसली. भिंतीला टेकूनच, कारण दुसरं काही नव्हतं टेकायला. हातात थेंबांची बाटली. वरून पंख्याची घरघर आणि आतून तिचाच आवाज, जो ऐकून लोक कसे शांत होतात हे तिला कळेना. ती म्हणते, तिला त्या शिक्षिका आठवल्या. चाळीस मिनिटं त्यांनी हाच आवाज ऐकला होता. आपण त्यांना सॉरी म्हणालो का, हेही आठवेना.

वर चारला काकांना आत नेणार. दारात ती नाही. काका जिन्याकडे बघणार. मग काका नाहीत, तारीख नाही, आणि डोळाही नाही.

तीन चव्वेचाळीसला तिने डोकं वर केलं. सूट! एकच सूट दिली होती ना?

"माझ्या घरच्यांना कळव."

"नक्की. नंबर सांगा, हं." भिंतीने एका शब्दाने हुज्जत घातली नाही.

चौथ्या मजल्यावर काकांचा फोन वाजला. डाव्या डोळ्याने त्यांनी वाचलं: "नमस्कार. आपल्या घरची व्यक्ती लिफ्टमध्ये सुरक्षित आहे. काळजी करू नये. मिस्त्री लवकरच निघेल." काका उठले, झगा आवळला आणि जिन्याकडे धावले.

"पळाले!" नर्स किंचाळल्या. "अहो डॉक्टर, पळाले! तिसऱ्यांदा पळाले!"

काका तिसऱ्या मजल्यावर थांबले आणि लिफ्टच्या दारावर दोन्ही हातांनी बडवू लागले. "अगं! अगं, आहेस ना?"

"अहो, दाराला हात लावू नका!" आतून दोन आवाज एकदम आले.

"तुम्ही वर जा आधी!" हे एकटीचं. "चार वाजत आले!"

"तू इथे लोंबकळतेस आणि मी वर जाऊन डोळा फोडून घेऊ?"

काकांनी मुहूर्तरावांना फोन लावला. नंबर पाठ. एकेकाळी ते घरीच फोन करायचे ना. स्पीकर लावून काकांनी फोन दाराच्या फटीला धरला. मुहूर्तराव दोन गल्ल्या सोडून चहाच्या टपरीवर होते.

"मिस्त्री, डोळ्यांच्या दवाखान्यात या! लिफ्ट अडकलीय!"

"माझ्या फोनवर काम आलेलं नाही."

"येणार कसं? बाई आत आहेत!"

"मग बाईंना म्हणावं हो दाबा."

"आत रेंज नाही हो!"

"मग कसं करायचं? काम न येता हललो तर बाई सोलून काढतात. गेल्या महिन्यात सोललं होतं. अजून आग होतेय."

मावशी दाराशी सरकली. परका माणूस शेजारी, म्हणून सवयीने लिफ्टचा आवाज लागला. "मिस्त्री, मी बोलतेय. लवकर या, हं."

पलीकडे मुहूर्तराव हसले. "हे मशीन आहे. मशीन असंच बोलतं. मला काय कालचा समजता?"

काकांनी कपाळाला हात लावला, बाणाची शाई तळव्याला लागली. आणि आतून पातेलं सुटलं.

"अहो मुहूर्तराव! तो चहाचा ग्लास खाली ठेवा! खाली म्हणजे खाली, तोंडाला लावून मग खाली नाही! सोळा नंबरचा पाना घ्या, मागच्या खेपेला विसरून परत गेलात आणि तासभर एक आजोबा उभे होते आत! तंबाखू नंतर मळा! वाटेत कुणी भेटलं तर बोलू नका! आणि हलवा आता ते बूड!"

टपरीवर ग्लास आपटल्याचा आवाज स्पष्ट आला.

"निघालो बाई."

"घाबरू नका हं," भिंत म्हणाली.

"तू गप्प बस!"

चोवीस वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलणारी मावशी होती. मुहूर्तरावांशी बोलणारी, काकांशी बोलणारी, टॉवेलाशी बोलणारी मावशी त्यात कुठेच नव्हती. ती शिकायला यंत्राला आमच्या घरी राहायला यावं लागेल. गॉगलवाले म्हणाले, "आत्ता कळलं, तुम्ही कुठल्या ते."

मुहूर्तराव अकरा मिनिटांत आले. हा कंपनीचा विक्रम आहे. गच्चीवरच्या खोलीत जाऊन त्यांनी चाक हाताने फिरवलं, लिफ्ट टीचभर टीचभर सरकत दुसऱ्या मजल्यावर उतरली आणि चार वाजून सात मिनिटांनी दार उघडलं. तोवर काका जिन्याची धूळ झग्याला पुसून बसले होते, आणि डॉक्टरीणबाई वरच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"पळून गेलेले पेशंट खूप पाहिले," त्या म्हणाल्या. "पळून एकच मजला खाली जाणारा पहिलाच. चला. आता नवा झगा, नवा बाण आणि नंबर शेवटचा."

गुडघ्यांना दटावत मावशीने जिन्यावर पाऊल ठेवलं आणि तिच्या फोनला रेंज आली. टिंग. टिंग. टिंग. टिंग. टिंग. टिंग. साचलेल्या सहा आठवणी आल्या. बाकी कुठली लिफ्ट त्या वेळात अडकली नव्हती. तिने आधी ते पाहिलं आणि मगच श्वास सोडला.

साडेपाचला काकांना बोलावलं. काकांनी हट्ट धरला, आतपर्यंत ही हवी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येऊ दे, कोपऱ्यात स्टुलावर बसू दे, पण फोन बंद करून बाहेर. मावशी जिथल्या तिथे थिजली. फोन हातात, हात पदराखाली.

"अगं," काका म्हणाले. आणि जिन्याकडे बघितलं.

तिने जोडूयाला फोन लावला. "तू विचारलं होतंस ना, पुढचा कोण म्हणून?"

"हो मॅडम."

"मुहूर्तराव." "कोण मॅडम?" "म्हणजे मोठा मिस्त्री. मला विचार. तीन मिनिटं थांब. मग त्यांना विचार. झालं आत्ताच्या आत्ता?"

"जोडूया की!"

तिने फोन बंद केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. नर्सच्या खणात ठेवला, खण नीट लागला का ते दोनदा पाहिलं आणि आत जाऊन स्टुलावर बसली. धरायला काकांचा पाय तेवढा मोकळा होता, म्हणून तिने अंगठा धरला. काका म्हणतात, पंधरा मिनिटं त्यांना डोळ्याचं काही कळलंच नाही. सगळं लक्ष पायाकडे. ती दर मिनिटाला त्यांच्या अंगठ्यावर आपल्या अंगठ्याने दाबत होती. एकदा. थांबून पुन्हा एकदा. हो. हो. हो.

काकांना आता खांब खांबासारखा दिसतो. मुहूर्तरावांनाही आता अधूनमधून टिंग येतं. ते आधी चहा संपवतात, मग दाबतात, त्यामुळे मावशी ती तीन मिनिटं संपूच देत नाही. पिशवी अजून खुंटीलाच असते.

आणि दवाखान्याच्या लिफ्टची ती विनंती, नव्या नियमाआधीची म्हणून, अजून मावशीच्याच नावावर तशीच आहे. हो दाबावं तर मुहूर्तराव पुन्हा पाना घेऊन दवाखान्यात जाणार. नाही दाबावं तर खोटी तक्रार म्हणून नोंद होणार, आणि ती खोटी नव्हती. तिसरं बटण नाही. जोडूया म्हणतो, "जोडूया की," पण अजून जोडलेलं नाही. त्यामुळे डेटाबेसमध्ये ती ओळ आहे तिथेच आहे: अडकलेल्या व्यक्ती दोन, मंजुरीची प्रतीक्षा. रोज सकाळी फोनवर मावशीच्याच आवाजात आठवण येते, "मॅडम, दोन माणसं अजून आत आहेत, हं."

मावशी चहा ढवळता ढवळता म्हणते, "माहितीय गं. थांब जरा."